कशावरून? इतिहासाच्या पुस्तकावर अभिप्राय लिहिताना

‘इतिहास जिवंत केलाय. पुस्तक हातातून खाली ठेववत नाही. प्रत्येकाने वाचायलाच हवं.’ ही तीन वाक्यं कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीखाली, कुणाच्याही आठवणींखाली, कुठल्याही लढाईच्या इतिहासाखाली चिकटवा, फिट्ट बसतात. म्हणूनच ती निरुपयोगी. त्याच विषयावरच्या दुसऱ्या पाच पुस्तकांपेक्षा हे वेगळं कशात आहे आणि यातलं किती खरं धरून चालायचं, हे त्यातून कळत नाही.

इतिहास, आठवणी आणि ऐतिहासिक कादंबरी ही तिन्ही भूतकाळाबद्दलच बोलतात, पण वाचकाला दिलेला शब्द वेगवेगळा असतो. इतिहासकार म्हणतो, हे असं घडलं, आणि मी कशावरून म्हणतो ते तपासून बघ. आठवणी लिहिणारा म्हणतो, मला हे असं आठवतं. कादंबरीकार म्हणतो, असं घडलं असू शकेल, तेवढं चालवून घे. पुस्तकाने आपला शब्द पाळला का, हे पाहणं म्हणजे परीक्षण. कादंबरीला तळटिपा नाहीत म्हणून झोडपणं जितकं चूक, तितकंच मनातल्या संवादांनी भरलेल्या ‘इतिहासा’ला भाषा रसाळ आहे म्हणून सोडून देणं चूक. तिघांनाही विचारायचा प्रश्न मात्र एकच: कशावरून? त्याचं उत्तर कुठे शोधायचं, तेवढं बदलतं.

आधी पुस्तकाची मागची बाजू

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वीस मिनिटं पुस्तकाच्या कडेकडेने फिरण्यात घालवावीत. मुखपृष्ठानंतरच्या पानामागे बारीक अक्षरात आवृत्तीची माहिती असते. पहिली आवृत्ती कधीची आणि हातातली कधीची, ते बघा. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापला. ‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे काहीतरी बदललं, आणि काय बदललं ते प्रस्तावनेत सांगितलेलं असायला हवं. पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक आज नव्या वेष्टनात आलं, की त्यानंतर सापडलेल्या कागदपत्रांचा त्यात पत्ता नसतो. ही लेखकाची चूक नव्हे, पण अभिप्रायात सांगायलाच हवं.

मग संदर्भसूची. ती किती लांब आहे याला फार महत्त्व नाही, दोनशे नावांची यादी कुणीही जमवू शकतो. त्यात मूळ साधनं किती आणि दुसऱ्यांची पुस्तकं किती, ते मोजा. लढाईचा इतिहास असेल तर दोन्ही बाजूंच्या भाषांतली साधनं आहेत का? एकाच छावणीतून पाहिलेली लढाई असेल, तर पुढची पानं त्या हिशेबाने वाचावी लागतात. अनुवाद असेल तर थेट मूळ भाषेतून केलाय की मधल्या भाषेतून, तेही पाहून ठेवा. प्रस्तावना सुरुवातीला वाचलीत तरी चालेल, पण पुस्तक संपल्यावर पुन्हा वाचा. लेखकाने सुरुवातीला दिलेली आश्वासनं तेव्हा नीट दिसतात. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र पुस्तक संपेपर्यंत वाचू नये. तो पुस्तक विकण्यासाठी असतो, आणि परीक्षणात नकळत त्यातलीच विशेषणं उतरतात.

इतिहासाचं पुस्तक: तीन विधानं धरा

सगळं पुस्तक तपासणं तज्ज्ञालाही जमत नाही. तीन विधानं निवडा. एक असं, की ते पडलं तर लेखकाचा सगळा युक्तिवाद पडेल. दुसरं, वाचताना भुवया उंचावल्या ते. तिसरं, ज्यात आकडा आहे ते. या तिघांच्या टिपा उघडून मागे मागे जा.

बहुतेक वेळा चारपैकी एक गोष्ट सापडते. टीप मूळ कागदापर्यंत पोचते, उत्तम. टीप दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवते, ते तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यात आधारच नसतो. टीप खरी असते, पण मूळ कागद तितकं ठामपणे बोलत नाही. तिथे ‘असं म्हणतात’ होतं आणि पुस्तकात ‘होते’ झालंय. किंवा टीपच नसते. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, कारण पानाखाली आकडा आणि ग्रंथाचं नाव पाहिलं की आपण निर्धास्त होतो.

आधार सापडला तरी तो कधीचा, हे पाहावं लागतं. घटनेच्या आठवड्यात लिहिलेलं पत्र आणि दोन पिढ्यांनंतर लिहिलेली बखर यांचं वजन सारखं नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतच्या दशकातली पत्रं छापली आणि बखरी कुठे कुठे घसरतात ते प्रस्तावनेत दाखवलं. म्हणून बखर टाकाऊ ठरत नाही. लोकांनी ती घटना कशी लक्षात ठेवली, याचा ती उत्तम पुरावा असते. मात्र सेनापती रणांगणावर नेमकं काय बोलला, याचा नाही.

आकड्यांसाठी तर ग्रंथालयातही जावं लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. समजा पुस्तक म्हणतं, एक लाखाचं घोडदळ एका वाटेने चालून आलं. चार-चार घोडे शेजारी चालवले तर पंचवीस हजार रांगा झाल्या. पुढच्या-मागच्या घोड्यासह एका रांगेला तीन मीटर तरी लागतात. म्हणजे ७५ किलोमीटरची रांग. दिवसाची मजल वीस-पंचवीस किलोमीटर धरली, तर पहिला स्वार मुक्कामी पोचल्यावर शेवटचा पोचायला तीन दिवस. घोड्याला दिवसाला तीसेक लिटर पाणी धरा. एका मुक्कामाला तीस लाख लिटर. इतकं पाणी देणारी नदी त्या वाटेवर आहे का? जर्मन इतिहासकार हान्स डेलब्र्युक याने हीच रीत वापरून जुन्या लढायांचे फुगवलेले आकडे उतरवले. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये ग्रीसवर चालून आलेल्या इराणी फौजेत २६ लाखांहून जास्त लढवय्ये होते, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. तो आकडा या हिशेबापुढे टिकत नाही. अर्थात फौजा अनेक वाटांनी फुटून चालत. म्हणून गणित जमलं नाही की ‘खोटं’ असा शिक्का मारू नये. लेखकाने या अडचणीकडे पाहिलंय का, तेवढं बघावं.

तारखांचं दुखणं

तारखेची चूक सापडली की परीक्षकाला फार आनंद होतो. थोडं थांबावं, कधी कधी चूक परीक्षकाचीच असते.

शक संवताचं इसवी सनात रूपांतर करताना ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. त्यामुळे पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाच्या अखेरपर्यंत, म्हणजे इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरच्या महिन्यांसाठी, ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि एक वर्ष हुकतं. ७९ मिळवले तर बरोबर १६३०. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत तोच दिवस १ मार्च १६३० येतो. एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरी तारीख दिसली, तर दोघेही बरोबर असू शकतात. कुठली दिनदर्शिका वापरली हे न सांगणं, ही खरी चूक.

इंग्रजांच्या कागदांत आणखी एक खोच आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडने जुनी दिनदर्शिका धरून ठेवली होती, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ मधली, पण वखारीतल्या इंग्रजांच्या लेखी तेव्हा १६६३ चालू होतं. पोर्तुगिजांनी नवी दिनदर्शिका १५८० च्या दशकातच घेतली होती. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवशी लिहिलेल्या इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाने तारखा पडतात. हे ध्यानात न घेता कुणी ‘बातमी पोचायला दहा दिवस लागले’ असा निष्कर्ष काढला असेल, तर तिथे मात्र लेखकाला जरूर धरा. ती नुसती छपाईची चूक नाही, तिच्यावर पुढचा युक्तिवाद उभा असतो. चूक किती मोठी यापेक्षा तिच्यावर किती भार टाकलाय, ते पाहायचं असतं.

आठवणी: ‘मी तिथे होतो’ याची किंमत

आठवणींच्या पुस्तकात कशावरूनचं उत्तर एकच, ‘माझ्यावरून’. म्हणून तो ‘मी’ तपासावा लागतो. घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? हाताशी रोजनिशी, पत्रं होती की नुसती स्मरणशक्ती? स्वतः लिहिलं, की दुसऱ्याने शब्दांकन केलं? आणि लिहायची वेळ हीच का निवडली: निवृत्ती, चौकशी, बदनामी, एखाद्या प्रतिस्पर्ध्याचं आलेलं पुस्तक?

स्मरणशक्तीवर किती भरवसा ठेवायचा, याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली, हे लिहून घेण्यात आलं. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच पुन्हा विचारलं. प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांना असं दिसलं, की जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या मुलांची उत्तरं सपशेल चुकली होती, आणि चुकणारेही अगदी ठाम होते. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही. अडीच वर्षांत विशीतल्या मुलांचं हे होतं, तर चाळीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत तीन पानांचा संवाद शब्दशः आला की तो पुन्हा रचलेला आहे, असंच धरावं. त्याला खोटेपणा म्हणू नये. लेखकाने प्रस्तावनेत ‘संवाद आठवतील तसे लिहिलेत’ एवढी एक ओळ टाकली, तर त्याचा शब्द पाळला गेला.

वाचताना समासात पेन्सिलीने तीन खुणा करत जाव्यात: स्वतः पाहिलं, कुणाकडून ऐकलं, नंतर वाचलं. शे-दोनशे पानांनंतर चित्र बोलायला लागतं. बंद खोलीतल्या ज्या बैठकीला लेखक हजर नव्हता, तिचं वर्णन सगळ्यात रंगलेलं असेल तर सावध. उलट रोजची कामं, अंगावरचे कपडे, कशाची भीती वाटायची, कोण कुणाला कसं हाक मारायचं, अशा गोष्टींत आठवणी बऱ्याचदा सरकारी कागदांपेक्षा जास्त देतात. कारण सरकारी कागदाला त्यात रस नसतो.

दुसऱ्याची चूक जशीच्या तशी सापडणं, ही फार कामाची खूण आहे. १९८३ मध्ये जर्मनीतल्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचा गाजावाजा केला. तपासणीत कळलं, की कागदात युद्धानंतरच वापरात आलेलं शुभ्र दिसण्याचं रसायन होतं. शिवाय मजकुराचा बराच भाग हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संग्रहातून उचललेला होता, त्या संग्रहातल्या चुकांसकट. खरं बोलणारे दोघं वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात. एकाच ठिकाणी चुकले की एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलंय. ही कसोटी इतिहासाच्या पुस्तकांनाही तितकीच लागू पडते.

जे भोगून आले त्यांच्या आठवणींवर लिहिताना सूर सांभाळावा लागतो, हे खरं. पण सहानुभूती म्हणजे तपासणीला सुट्टी नव्हे. ‘तारीख जुळत नाही’ आणि ‘हे घडलंच नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं लिहावं, दुसऱ्यासाठी पहिलं पुरेसं नाही.

कादंबरी: वस्तू, वेळ आणि मन

नमुन्यासाठी इथेच रचलेला एक उतारा घेऊ. काळ १७४० चा, जागा वाडा.

‘बाईंनी काडी ओढून समई लावली. धनी बाहेर पडून दहा मिनिटं झाली होती. त्या खिडकीशी आल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, मला माझं आयुष्य माझ्या पद्धतीने जगायचं आहे.’

काडी पहिली. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने १८२७ मध्ये विकायला काढल्या. १७४० मध्ये चकमक असेल, नाहीतर जपून ठेवलेला विस्तव. दुसरी दहा मिनिटं. मिनिटकाटा नेहमीचा झाला तो १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ आल्यानंतर, आणि तोही युरोपात. या वाड्यात घटका चालणार, चोवीस मिनिटांची. ‘अर्धी घटका झाली असेल’ म्हटलं असतं तर वाक्य जागेवर बसलं असतं. या दोन्ही चुका संपादकाने दोन मिनिटांत काढण्यासारख्या.

तिसरी चूक शब्द बदलून जात नाही. त्या काळच्या बायकांना स्वतःची इच्छा नव्हती असं मुळीच नाही. वतनासाठी, दत्तकासाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या बायका जुन्या कागदांत भेटतात. पण त्या हक्काच्या, कुळाच्या, दिलेल्या वचनाच्या भाषेत भांडतात. ‘माझं आयुष्य, माझी पद्धत’ हे आजच्या माणसाचं मन जुन्या लुगड्यात गुंडाळून उभं केलंय. परीक्षणात काडीवर अर्धं वाक्य खर्चावं आणि मनावर अख्खा परिच्छेद. बरेच परीक्षक नेमकं उलटं करतात, कारण काडी पकडणं सोपं असतं.

भाषेचंही तसंच. सतराव्या शतकातली मराठी पत्रं फारसी शब्दांनी गच्च भरलेली आहेत, आणि आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची भाषा बहुधा संस्कृतकडे झुकलेली. कादंबरीकाराने पत्रांची भाषा उचललीच पाहिजे असं नाही; वाचक दहाव्या पानावर थकेल. पण एकदा धरलेला पोत सुटू नये. दरबारात ‘आज्ञा शिरसावंद्य’ आणि पुढच्या पानावर ‘टेन्शन घेऊ नका’च्या वळणाचं बोलणं आलं, की सगळा वाडा पुठ्ठ्याचा वाटायला लागतो.

मुद्दाम केलेला बदल ही चूक नव्हे. दोन लढाया एकीत घालणं, चार सरदारांचा एक करणं, भेट न झालेल्या माणसांची भेट घडवणं, हे कादंबरीकाराचे अधिकार आहेत. ‘मी काय हलवलं’ हे शेवटी पान-दीड पानात सांगणारा लेखक प्रामाणिक. तसं टिपण नसेल तर परीक्षकाने ते काम करावं, कारण लोकांना आठवतो तो प्रसंग पुष्कळदा कादंबरीकाराच्या टेबलावर जन्मलेला असतो आणि पुढच्या पिढीत तोच ‘इतिहास’ म्हणून सांगितला जातो. यात रहस्यभंगाची फार काळजी नको. लढाई कोण हरलं हे सगळ्यांना ठाऊकच असतं. कल्पित पात्रांचं काय होतं तेवढं झाकून ठेवा.

लिहिताना आणि सुचवताना

सगळ्यात जास्त परीक्षणं बिघडतात ती दोन कारणांनी. एक, परीक्षक पुस्तकाऐवजी तो इतिहासच पुन्हा सांगत बसतो. आठशे शब्दांच्या परीक्षणात आशयाला दीडशे-दोनशेपेक्षा जास्त जागा देऊ नये. दुसरं, पुस्तकाऐवजी पुस्तकातल्या माणसाचं परीक्षण होतं. राजा आवडता, म्हणून कादंबरीला पाच तारे. नेता नावडता, म्हणून आठवणी टाकाऊ. यावर एक साधा उपाय: नाव झाकून तोच उतारा एखाद्या परक्या देशातल्या परक्या राजाबद्दल आहे असं समजून वाचा. तरीही पटतोय का? तारे द्यायचेच तर आधार, मांडणी आणि वाचनसुख यांचे वेगवेगळे द्या. तिघांची सरासरी काढली की कुणालाच काही कळत नाही.

सुचवणं हे वेगळंच काम. तिथे पुस्तकाइतकाच वाचक महत्त्वाचा. त्याला त्या काळाबद्दल आधी किती माहिती आहे, त्याला गोष्ट हवी की उत्तर, आणि कत्तली, छळ, दुष्काळ यांची वर्णनं कितपत सोसतील, एवढं तरी विचारावं. काळ अगदी नवा असेल तर आधी कादंबरी द्यावी. नावं, नाती, गावं डोक्यात बसतात. पण तिच्याबरोबरच दीड-दोनशे पानांचा एक आटोपशीर इतिहास हातात ठेवा. सहा महिन्यांनी दिलात तर उपयोग नाही, तोवर कादंबरीतला खलनायक पक्का झालेला असतो. माहीतगार वाचकाला उलट क्रम: इतिहास, मग दोन विरुद्ध बाजूंच्या आठवणी. एकट्या आठवणी कुणालाही सुचवू नयेत. वेळेचा अंदाज हवा असेल तर पुस्तकातली मधली दहा पानं घड्याळ लावून वाचा. अठरा मिनिटं लागली तर चारशे पानांना बारा तास. ‘शनिवार-रविवारात होईल’ असं मग सांगता येणार नाही.

वाचतानाच पान क्रमांक लिहीत जा, नंतर शोधू म्हटलं तर ते वाक्य कधीच सापडत नाही. आणि अभिप्रायाच्या शेवटी कुठली आवृत्ती वाचली तिचं साल द्या. पुढच्या आवृत्तीत पान क्रमांक सरकतात, चुका दुरुस्त होतात, क्वचित तुमच्याच आक्षेपावरून. आणि मग नव्या वाचकाला कळत नाही, की पृष्ठ २१४ वरची जी काडी तुम्ही पकडलीत, ती तिथे आहे कुठे.